अक्कांची आखाजी

अक्का गेल्या आणि त्यांचे पैसे माझ्या खात्यात आले. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवऱ्यानं दुसरं घर केलं म्हणून ऐन तरुणपणी धुळ्याला माहेरी परत आल्या आणि आमच्या घराच्या मागच्या खोलीत फॉल-पिकोचं मशीन चालवत म्हाताऱ्या झाल्या.

मला वारस लावायला त्या स्वतःच मला बँकेत घेऊन गेल्या होत्या. पायी. रिक्षा म्हणजे त्यांच्या मते लुळ्यापांगळ्यांची सोय. मी म्हटलं, "अक्का, भाच्याला लावा की." तर म्हणाल्या, "जन्मभर भांडले तुझ्याशी. आता पैसे भलत्याला देऊ?" काउंटरवरची मुलगी हसली, मीही हसले. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

रक्कम सांगत नाही. सोन्यात धरली तर दोन पाटल्या, आणि प्लॉट घ्यायचा म्हटला तर प्लॉटाचं कुंपण. पण तेवढ्यावरही घरात जोरात चर्चा. मुलगा म्हणाला, "एफडी मोडू नको, व्याज खा." सून फैजपूरची, केळीवाल्यांची लेक, तिला सोनंच दिसतं. "आई, जळगावला जा. नातीच्या लग्नाला होईल." मुलगी चहाचे कप उचलून आत गेली. ती घटस्फोट घेऊन दोन वर्षांपासून आमच्याकडेच आहे. अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जाते, आणि चहा घेताना आधी पातेल्यात उरलाय का ते बघते.

तेवढ्यात आखाजी आली. तुमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणत असतील. आमच्या खानदेशात दिवाळीला एक वेळ लेक आली नाही तरी चालेल, आखाजीला यायलाच हवी. माहेराहून मुराळी न्यायला येतो, दारी झोके बांधतात, नव्या बांगड्या भरतात. आणि त्याच दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकून त्यांनाही जेवायला बोलावतात.

सुनेचा भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला आला. ती निघाली, तिचं काही चुकलं नाही. जाताना दारातून म्हणाली, "आई, सांजोऱ्यांची काळजी करू नका. ताई आहेत ना घरी."

ताई होत्याच घरी. ताई कढईपुढे बसल्या. मुलानं अक्कांची घागर भरली, निखाऱ्यावर घास टाकला, आणि मी हात जोडता जोडता मनात म्हटलं, अक्का, या. इतक्या वर्षांत आखाजीला आम्ही अक्कांना या म्हटलं, ते हे पहिल्यांदा.

कारण त्या घरातच होत्या ना. माझ्या धाकट्या दोन्ही नणंदा यायच्या, एक दोंडाईच्याहून, एक साक्रीकडून. लग्नाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीची मी डोळ्यांपुढे आणते तेव्हा तिला एक टपली मारावीशी वाटते. पदर धड सांभाळता येत नव्हता, वरणाला फोडणी देताना डोळे मिटून घ्यायची, पण सासूबाईंनी कपाटाची किल्ली हातात दिली होती म्हणून चाल अशी की धुळं संस्थान हिनंच खालसा केलंय. कासारीण आली. दोन्ही नणंदांचे हात भरून झाले. अक्का सांजोऱ्या सोडून उठल्या, पिठाचा हात पदराला पुसला आणि गंमत केल्यासारखा पुढे केला. तर ही किल्लीवाली काय म्हणाली? "अक्का, तुम्ही तर घरच्याच." म्हणजे केवढा मान दिला मी. नणंदेला घरची म्हटलं. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली असेल मी.

अक्कांनी हात मागे घेतला. "खरं शे," म्हणाल्या, "मी कोठून येऊ? मी तर आठेच शे." इथंच आहे म्हणे. सगळ्या हसल्या. सांजोरी करपली तेवढी. त्यावरून पुन्हा मीच त्यांना बोलले.

आखाजी झाल्यावर मी मुलीला घेऊन जळगावला सोनं बघायला गेले. नातीच्या नावानं पाटल्या बघितल्या. दुकानदार घडणावळ सांगू लागला आणि माझ्या कानात अक्का बोलल्या, "सोन्याचे द्यायचे, वर सोनाराच्या मजुरीचेही मीच देऊ?" चहा पिऊन, पाटल्या परत करून मी बाहेर आले. मुलगी म्हणाली, "एवढ्या लांब चहा प्यायला आणलंस होय?"

बसस्टँडकडे जाताना रिक्षात ती सहज म्हणाली, "इथल्या एका पाइपांच्या कारखान्यात अकाउंट्सला बोलावलं होतं मला. नाही म्हणून कळवलं."

"का?"

"रोज धुळे-जळगाव अप-डाउन करू? आणि इथं राहायचं तर एकटीला भाड्यानं खोली कोण देतंय. आधी विचारतात, मिस्टर काय करतात?"

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, दुसरा संसार करतात." आणि ती हसली. हुबेहूब अक्कांसारखी. तिथेच, रिक्षात, माझं ठरलं.

घरी सांगितलं, अक्कांचे पैसे भरून जळगावला एक लहानसा फ्लॅट घ्यायचा, हिच्या नावावर. बाकीच्या कर्जाचे हप्ते हिनं जळगावच्या पगारातून फेडायचे. मुलगा म्हणाला, "आई, लोक म्हणतील घटस्फोटित पोरीला घरात ठेवली नाही." सून गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्यात हायसं वाटणं होतं, आणि मी तिला कुठल्या तोंडानं बोलू? माझ्याही पोटात होतं थोडं. दोघींच्या मधे डब्यांवरून, मिठावरून, टीव्हीच्या आवाजावरून मी रोज पंच म्हणून बसत होते. ते सुटेल, हे माझ्या मनात आधी आलं की अक्कांचा हात आधी आला, खरंच सांगता येत नाही. मी पुष्कळदा स्वतःला विचारून बघितलं. उत्तर दरवेळी सोयीचंच येतं, म्हणून त्यावर भरवसा नाही.

मुलगी रात्री माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. "जड झाले का ग मी?"

"नाही."

"मग काढतेस कशाला?"

"आखाजीला बोलवायला," मी म्हटलं. "तू इथून हलल्याशिवाय तुला इथं बोलावू कशी?"

तिला ते पटलं नाही. तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. विचारल्यावर कारखान्यानं पुन्हा बोलावलं, फ्लॅटचे कागद झाले, ती राहायला गेली, तरी तिच्या फोनवर एक कोरडेपणा होता. दिवाळीला आली ती पाहुण्यासारखी. निघताना सुनेला म्हणाली, "वहिनी, त्रास दिला हं." सून माझ्याकडे बघायला लागली. मी कुठं बघणार?

यंदाच्या आखाजीला मी मुलाला म्हटलं, मुराळी मीच जाते. तो म्हणाला, मुराळी पुरुष असतो. मी म्हटलं, पुरुषाला तिकीट पडतं, मी पंच्याहत्तरीची, मला एसटी फुकट. अक्का यावर खूश झाल्या असत्या.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दारात चपलांचं छोटं रॅक, खिडकीत तुळस, आणि पंखा फिरतोय. बॅग भरलेली नव्हती. मी खुर्चीत बसले. तिनं पाणी दिलं, शेवभाजी वाढली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आज कसं जमेल, आई? प्लंबर यायचाय. शेजारच्या काकूंकडे तुळशीचं सांगायचंय. फ्रिजमधलं दूध तसंच आहे. घर टाकून अशी कशी निघू?"

मी मान खाली घालून भाजी खात राहिले. सासुरवाशिणी मुराळ्याला अशाच अडवतात. दोंडाईच्याची नणंद तर म्हशीचं कारण सांगायची.

प्लंबर येऊन गेला. दूध शेजारच्या काकूंना दिलं. संध्याकाळच्या बसला आम्ही निघालो. एरंडोल येईपर्यंत ती दोनदा म्हणाली, "गॅस बंद केला ना ग मी?" पारोळ्याला पर्समध्ये हात घालून किल्ली चाचपली. मी खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये.

घरी सून दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. यंदा फैजपूरला एक दिवस उशिरा जाते म्हणाली. सकाळी कासारीण आली. मुलीनं हात पुढे केला. मी कासारणीला म्हटलं, "आधी हिला. लांबून आलीय."

मग दोन हिरव्या बांगड्या जास्तीच्या मागून घेतल्या आणि अक्कांच्या घागरीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधल्या. मुलगा म्हणाला, असं कुणी करत नाही. मला माहीत आहे. आणि त्यांच्या मनगटाचं माप मला आठवेना, म्हणून कासारणीनं विचारल्यावर मी माझंच सांगितलं होतं.