ताकातली गोळी

“म्याडम, विष निघालं पायजे. न्हाई निघालं तर आमी बॉडी ताब्यात घेनार न्हाई.”

दत्तोबा माझ्या टेबलासमोर उभे राहून हे सांगत होते. पोस्टमॉर्टेम म्हणजे हॉटेलातली चहाची ऑर्डर असावी, साखर कमी आणि आलं जास्त, अशा थाटात. मी जुन्नर तालुक्यात सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर आहे. पोस्टमॉर्टेमला आम्ही पीएम म्हणतो, आणि मृत्यू संशयास्पद असला की ते करण्याचं काम आमच्याकडे येतं. नातेवाईक रडतात, भांडतात, लवकर करा म्हणतात. पण निकाल आधीच सांगून टाकणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

गेलेला माणूस त्यांचा धाकटा भाऊ बबन. वय पंचेचाळीस-पन्नासच्या मधलं. बोरी बुद्रुकच्या अलीकडे मळ्यात घर, कांदा आणि टोमॅटोची शेती, पण गावोगावी ओळख होती ती गाडामालक म्हणून. यात्रांमध्ये घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळतात, त्यांतला एक गाडा बबनरावांचा असायचा. सकाळी न्याहारीला भाकरी खाल्ली, वर ग्लासभर ताक प्यायले, बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले आणि तिथेच पडले. तोंडाला फेस आला होता. गाडीत घालून आमच्याकडे आणेपर्यंत संपलं होतं.

“आमचा बबन कदी आजारी पडला न्हाई,” दत्तोबा म्हणाले. “आयुष्यात गोळी म्हून खाल्ली न्हाई त्यानं. असा मानूस उगा मरतो व्हय? आमच्या मंडळीनं डोळ्यानं पाह्यलंय. मंदानं ताकात गोळी कुटून टाकली. आज न्हाई, लई दिस चाललंय हे.”

मंदा म्हणजे बबनरावांची बायको. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात एका टोकाला बसली होती, शेजारी महिला पोलीस. तिची मुलगी सुवर्णा, लोणीला दिलेली, नवऱ्याच्या मोटारसायकलवरून नुकतीच येऊन पोचली होती. ती आईकडे गेली नाही. चुलत्याच्या मागे उभी राहिली आणि आईकडे पाठ केली.

तपासाला आलेले इनामदार हवालदार जुने, अनुभवी. त्यांनी गोठ्यातली फवारणीची अर्धी बाटली जप्त करून आणली होती. अशी बाटली आमच्याकडे प्रत्येक गोठ्यात सापडते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

“बाई काय म्हणतात?” मी विचारलं.

“काहीच न्हाई म्हणत, मॅडम. गोळी टाकली का, तर मान हलवून हो. कसली, तर गप. आता अशा गप्प बसण्याचा अर्थ लोक काय लावणार?”

मी एप्रन चढवला आणि मागच्या खोलीत गेले.

पीएममध्ये आधी बाहेरून बघायचं असतं. शरीर दणकट होतं. दंड कमावलेले, बरगडीवर बैलाच्या शिंगाचा जुना वण. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या नव्हत्या, कपड्यांना किंवा तोंडाला औषधाचा उग्र वास नव्हता. पिकावरचं विष पोटात गेलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन गोष्टी सहसा चुकत नाहीत. मग मी पाय पाहिले. उजव्या तळव्यात बाभळीचा काटा आत मोडला होता आणि त्याच्या भोवतीचं मांस काळं पडलं होतं. असा पाय घेऊन कोणी उंबराही ओलांडणार नाही. हा माणूस सकाळी त्याच पायाने गोठ्यापर्यंत चालत गेला होता. त्याला कळलंच नव्हतं. शुगर बरीच वर्षं चढी राहिली की नसा मरतात, आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नाही.

छाती उघडली आणि मी हातातली कात्री खाली ठेवली.

हृदय आपल्या मुठीएवढं असतं असं शाळेत शिकवतात. हे माझ्या दोन मुठींत मावेना. डाव्या बाजूची भिंत जाडजूड झाली होती. बीपी वाढलेलं असलं की हृदयाला रोज जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं, आणि तालमीत दंड फुगावा तशी त्याची भिंत फुगते. फरक इतकाच की दंड फुगला तर लोक वाहवा करतात, हृदय फुगलं तर ते थकतं. रक्तवाहिन्या कापताना कात्री करकर वाजली, इतका चुना आत साचला होता. मुख्य वाहिनीत एक ताजी, काळपट गुठळी अडकलेली. सकाळी जीव घेतला तो तिने. पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हृदयाच्या मांसात दोन ठिकाणी पांढरे, चिवट पट्टे होते. ते वण होते. म्हणजे या माणसाला हार्ट अटॅक आधीच येऊन गेले होते, एक बराच जुना आणि एक त्यामानाने अलीकडचा. आजचा निदान तिसरा.

किडन्या आकसून लहान झालेल्या, वरून रव्यासारख्या खरखरीत. फुफ्फुसं पाण्याने जड. तोंडाचा फेस तिथून आला होता, हृदय बंद पडताना पाणी फुफ्फुसात तुंबतं म्हणून. पोटात भाकरी आणि ताक, आतलं अस्तर स्वच्छ.

मी असे अवयव पूर्वी पाहिले आहेत, पण सत्तरी-ऐंशीच्या माणसांत. बाहेरून पैलवान आणि आतून म्हातारा, हे मला झेपेना. मी इनामदारांना आत बोलावून दाखवलं. ते नाकाला रुमाल लावून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“हे सगळं घेऊन हा माणूस घाटात गाडा जुंपत होता?” त्यांनी विचारलं.

“हो. आणि हे एका सकाळीत झालेलं नाही. वीसएक वर्षं लागली असतील.”

लोकांना वाटतं आजार एकामागून एक येतात आणि रांगेत उभे राहतात. तसं नसतं. बीपी किडनीला खातं, बिघडलेली किडनी बीपी आणखी वाढवते, शुगर दोघांना हात देते आणि वर दुखणंही लपवते. एकेकटे आले असते तर बबनराव कदाचित साठी बघून गेले असते. तिघांनी संगनमत केलं.

आता प्रश्न होता कागदावर काय लिहायचं. मी आमच्या अधीक्षकांना फोन लावला. ते पुण्यात मीटिंगला होते.

“मॅडम, बाहेर गर्दी आहे ना? मग व्हिसेरा ठेवा, मत राखून ठेवलं असं लिहा आणि मोकळ्या व्हा.”

व्हिसेरा म्हणजे पोट, यकृत, किडनी यांचे तुकडे. ते विषाच्या तपासणीसाठी सरकारी लॅबला जातात. रिपोर्ट यायला महिने लागतात.

“सर, कारण मला डोळ्यांना दिसतंय. मत राखून ठेवलं तर रिपोर्ट येईपर्यंत ती बाई नवऱ्याची मारेकरी म्हणून राहील. तिला घरात घेणार नाहीत.”

“तो आपला विषय नाही. उद्या व्हिसेरात काही निघालं तर तुम्ही अडकाल.”

पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण त्यांचं म्हणणं पूर्ण चूकही नव्हतं. गोळीचं कोडं सुटलेलं नव्हतं. मी बाहेर येऊन दत्तोबांना खुर्ची दिली.

“बबनरावांच्या कधी छातीत दुखलं होतं? घाम, उलटी?”

“छ्या. त्यो लोखंडाचा व्हता.” मग त्यांना आठवलं आणि चेहरा अभिमानाने फुलला. “एकदा घाटात गाडा जुपताना बसला खाली. घामानं निथळला, वकला. म्हनला पित्त हाय. सोडा पाजला त्याला. तसाच उठला आन् गाडा जुपला राव. वर पहिल्या नंबरात आला.”

“आणि नंतर?”

“नंतर काय न्हाई. ह्या साली कांदा भरताना खांदा धरला व्हता. चोळून घेतला. दोन दिस झोपला, की परत कामाला.”

दोन वण मी आत पाहून आले होते, आणि या भल्या माणसाने दोन्हींची हकिगत पराक्रम म्हणून सांगितली होती.

“दत्तोबा, ते पित्त नव्हतं. तो हार्ट अटॅक होता. खांदा धरला तोही.”

“सोडा पिऊन गेला की त्यो.”

“गेला नाही. आतच राहिला. मी आत्ता पाहिला.”

दत्तोबांनी टोपी काढून हातात घेतली. त्यानंतर ते विषाबद्दल बोलले नाहीत, पण गोळी त्यांनी सोडली नाही. “मंग गोळी कसली व्हती, ते सांगा.”

मी मंदाताईंना ओपीडीत घेतलं आणि दार लोटलं. पन्नाशीच्या आतलीच बाई, पण चेहरा सुजल्यासारखा. मी सांगितलं, विष नाही, हृदयविकाराने गेले, आणि हे आधीपासून चालू होतं. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “मंग त्या गोळीनं न्हाई ना गेलं?”

“कसली गोळी ते दाखवाल?”

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. मी ओळखली. बीपीची साधी गोळी, आमच्याच सरकारी पुरवठ्यातली.

“नर्सबाई वस्तीवर आल्या व्हत्या तपासायला,” त्या हळू आवाजात सांगू लागल्या. “ह्यांचं बीपी लई निघालं, शुगर बी. ह्यांनी पट्टा उपटून टाकला. म्हनले, गाडामालकाला बीपी हाय म्हनलं की घाटात लोकं हासत्याल. कुनाला बोलायचं न्हाई म्हून शपथ घातली. मंग म्या ताकात द्याया लागले. ह्यांना ठावं बी न्हवतं.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बबनरावांनी ती शेवटपर्यंत झाकून ठेवली होती.

“अहो, मग हवालदारांना का नाही सांगितलंत? तुमच्यावर खुनाचा आळ आला होता.”

“शपथ व्हती ना. आन् गेल्यावर त्यांचं नाव कशाला घालवू?”

मी म्हटलं, “ऐका. या गोळीने माणूस जात नाही. झाला असेल तर थोडा उपयोगच झाला असेल. किती, ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही त्यांना मारलं नाही, हे मी लिहून देणार आहे.”

तेव्हा त्या रडल्या. लोटलेलं दार किलकिलं झालं होतं. सुवर्णा कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. सगळं ऐकलं असावं, कारण ती आत आली आणि आईच्या पायाशी खाली बसली. थोड्या वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, “पन आई, बाबा तर दवाखान्यात गेलंच न्हाई. ह्या गोळ्या तुला दिल्या कुनी?”

“नर्सबाईंनीच. माझ्या नावाच्या हायत ना त्या.”

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग मी उठून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. दोनशे दहा, एकशेवीस. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या हाताला बांधला. तेच. इतक्या बीपीवर माणूस कधीही लुळा पडू शकतो, आणि ही बाई सकाळपासून व्हरांड्यात मारेकरीण म्हणून बसून होती.

“तुम्ही स्वतः किती घेतल्या?”

“येक बी न्हाई. एकाच मानसाच्या मिळायच्या. ह्यांचं जास्त व्हतं.” मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “दर महिन्याला माझं बी वाढल्यालंच निघायचं. मागल्या खेपंला म्हनले गोळी लागू पडंना, दोन घ्या. दोन दिल्या. म्या दोनी त्यांनाच दिल्या.”

मी त्यांना तिथल्या तिथे ॲडमिट करत होते. त्या ऐकेनात. आधी ह्यांची माती होऊ द्या, म्हणाल्या. शेवटी मी समोर उभं राहून गोळी गिळायला लावली, तोंड उघडून दाखवायला सांगितलं, आणि सुवर्णाला बजावलं की संध्याकाळी आईला परत इथे आणायचं. पीएमच्या कागदावर मी हृदयविकार असं स्पष्ट लिहिलं आणि व्हिसेराही पाठवला. दत्तोबांनी मुकाट्याने प्रेत ताब्यात घेतलं. जाताना गाडीत मंदाताईंना पुढची जागा त्यांनीच करून दिली.

अधीक्षक चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. काही महिन्यांनी लॅबचा रिपोर्ट आला. विष आढळलं नाही. तोवर मंदाताईंच्या तपासण्या झाल्या होत्या. किडनीतून प्रोटीन जायला लागलं आहे. नवऱ्याच्या किडनीचं जे मी टेबलावर पाहिलं, त्याची ही सुरुवात. आता गोळ्या त्यांच्याच तोंडात जातात, सुवर्णा रोज फोन करून विचारते. बीपी उतरलंय. गेलेलं परत येत नाही, पण पुढचं थांबवता येईल असं वाटतं.

दत्तोबांना मी तपासायला बोलावलं होतं. सख्खा भाऊ, एकच रक्त. म्हणाले, कांदा निघू द्या. कांदा निघाला, बाजारात जाऊन विकलाही गेला. अजून आलेले नाहीत.

मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे, आणि आमच्या सगळ्या नर्सबाईंनाही लावली आहे. गोळ्या चालू असून बीपी उतरत नसेल, तर डोस वाढवण्याआधी विचारायचं, गोळी घरात नक्की कोण गिळतंय.