जागचं हलायचं नाही

मानपाड्याला बॅट दुरुस्त करणारे एक काका आहेत. नाव मी कधी विचारलं नाही. दुकानातल्या टीव्हीवर मॅच लागली आणि इंडियाची जोडी जमली, की ते कुणाला जागचं हलू देत नाहीत. "उठलास की विकेट जाते," म्हणतात. मीही तिथे तासन्‌तास अवघडून बसलोय.

त्यांचा डोंबिवलीत जन्मलेला मुलगा आता कॅनडाकडून खेळतो. परवा तो इंडियाविरुद्ध बॉलिंगला आला, तेव्हा आपली जोडी चांगलीच जमलेली. काकांचा सँडपेपर थांबला.

मी विचारलं, "काका, आज कुणाच्या बाजूने?"

"इंडियाच्याच रे. विचारतोस काय."

दोन बॉल झाले आणि काका हळूच उठले. "जरा पाणी पिऊन येतो."

भरलेली बाटली त्यांच्या पायाशीच होती.