आत्याचं लुगडं आणि अंबरपेठेतलं भूत

सांगू की नको, असं मला अजूनही वाटतं. पण बसलोच आहोत, चहाही आलाय, तर ऐकाच. भुताला सगळेच घाबरतात हो, त्यात विशेष काही नाही. पण माझ्याइतक्या अकलेनं भुताला कुणी घाबरलं नसेल!

निजामाचं संस्थान हिंदुस्थानात जाणार की वेगळं राहणार, याचा निकाल लागायचा होता तेव्हाची ही गोष्ट. आमची अंबरपेठेतली गल्ली अर्धी रिकामी झालेली. कुणी सोलापूरला गेलेलं, कुणी बार्शीला. दाराला कुलपं, ओट्यावर वाळका पाला. उरलेली माणसं भर दुपारीसुद्धा कुजबुजत बोलायची. कुणी खोकलं तरी शेजारच्या घरातला दिवा विझायचा.

अशात आमची आत्या गेली. आषाढात ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. आत्या विधवा. मागच्या आवारात चिंचेखाली उघड्या गोठ्यात शेळ्या पाळायची आणि आजारी माणसांच्या, तान्ह्या पोरांच्या घरी दूध घालायची. माझी धाकटी बहीण सुमन बाळंतपणाला आलेली, तिचा नवरा नांदेडला, आणि गाड्यांचा काही भरवसा नाही. त्यात सुमनलाही ताप येऊन गेला आणि तिचं दूध आटलं. म्हशीचं दूध तिच्या तान्ह्या पोरीला पचेना. तिचा जीव सगळा शेळीच्या दुधावर. आणि दुधात असलेली शेळी एकच, बेगम.

नावाला शोभेल अशीच होती. आत्याखेरीज कुणाचा हात लागू द्यायची नाही. मी महसूल दफ्तरात उर्दूचा मराठी तर्जुमा करणारा माणूस, नुकतीच झुपकेदार मिशी राखलेली. मी चरवी घेऊन बसलो की बेगम पान्हा चोरायची. वर लाथ! घरात पोर रडून रडून निळी पडायला लागली. रडणं परवडलं असतं. तिसऱ्या दिवशी ती रडायचीच थांबली.

चौथ्या दिवशी पहाटे पाऊस भुरभुरत होता. डोक्यावर घ्यायला काही दिसेना म्हणून दोरीवरचं आत्याचं पांढरं लुगडं ओढलं आणि डोक्यावरून घेऊन गोठ्यात शिरलो. बेगमनं मान वळवली. लुगडं हुंगलं. आणि काय सांगू, कास अशी तटतटली की चरवी कमी पडली!

झालं. मला गुरुकिल्ली सापडली. रोज उजाडायच्या आधी उठायचं, लुगडं गुंडाळायचं, पदर कपाळावर ओढायचा आणि आत्यासारखं बारीक आवाजात ‘हं... हं... ये गं बाई’ करत धार काढायची. लुगडं नसलं की लाथ. आणि हे सांगणार कुणाला? मिशीवाल्या सरकारी माणसानं लुगडं नेसायचं? सुमनला म्हटलं, "माझ्या हातात कलाच आहे, आत्तापर्यंत कळली नव्हती."

"खरंच रे दादा," ती म्हणाली. मी मिशीवर हात फिरवला.

पोरगी बाळसं धरू लागली. आणि मग ते सुरू झालं.

आमच्या शेजारी खालाबी राहायच्या. आत्याच्या जिवाभावाच्या मैत्रीण. दोघींच्या आवारांमधली भिंत त्या पावसात मधोमध ढासळलेली. एकदा भर दुपारी खालाबी आल्या, चेहरा पांढराफटक.

"वसंत, मैं आपा कू देखी."

"कोणती आपा?"

"तुमारी आत्या! फजर की नमाज कू उठी तो खिडकी में से दिखी. सफेद कपडे. शेळीके पास बैठी, हं-हं कर री थी."

मी हसलो. हसता हसता विचारलं, "कुठे बसली होती?"

"बेगम के पीछे. चरवी लेके."

माझं हसू तिथंच गोठलं. कारण त्याच वेळी, त्याच जागी, बेगमच्या मागे मीसुद्धा होतो की!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कळायला नको? नाही कळलं! मी तिथे लुगडं गुंडाळून असतो ते कुणालाच माहीत नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की माझ्यापुरता हिशेब सरळ झाला. मी तिथे होतो. आत्या तिथे होती. म्हणजे आत्या माझ्या पाठीशी बसून होती!

दुसऱ्या दिवशी शेळ्यांना पाला आणणारा नरसय्या दारातूनच ओरडला, "दय्यम, सारू, दय्यम! भूत! अम्मा आली परत!" भारा रस्त्यातच टाकून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. पाला बंद झाला तसं बेगमचं दूधही उतरायला लागलं. सुमननं पोरीच्या दंडाला काळा दोरा बांधला.

"दादा, आत्याचा जीव शेळ्यांत अडकलाय. देऊन टाक त्या कुणाला तरी."

"आणि पोरीला काय पाजशील?"

तिनं पोरीच्या दंडावरच्या दोऱ्याची गाठ पुन्हा तपासली.

मग काय, मीच पाला तोडून आणायचा आणि मीच पहाटे भुताच्या मांडीला मांडी लावून बसायचं. त्या पहाटा आठवल्या की अजून अंगावर काटा येतो. धुकं इतकं की चिंचेचं खोड दिसायचं नाही. पलीकडे रिकामी घरं. मी ‘हं... हं...’ केलं की त्या घरांतून तेच परत यायचं, थोडं उशिरानं, थोडं बायकी. मानेवर गरम श्वास यायचा. तो दुसऱ्या शेळीचा आहे हे मला ठाऊक होतं, पण मागे वळून खात्री करायची छाती नव्हती. कधी मागे कुणी खोकायचं, अगदी आत्यासारखं. शेळ्या माणसासारख्याच खोकतात हो, पण हे दुपारी आठवतं!

मी आपला पुटपुटायचो, "आत्या, तुझं लुगडं न विचारता घेतलं, चुकलं. पोरगी जरा मोठी झाली की धुऊन, घडी घालून ठेवतो."

एका पहाटे धार अर्धी झाली असेल. मागे पावलं वाजली. शेळीची नव्हेत, माणसाची. मी मान किंचित वळवली. ढासळलेल्या भिंतीच्या खिंडारात एक पांढरी आकृती उभी! डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. माझे हात सडांवरच थिजले.

आकृती म्हणाली, "आपा?"

आवाज खालाबींचा. अंगावर नमाजाची पांढरी चादर. आणि ती मला आपा म्हणत होती!

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. माझ्या मागे कुणीच नव्हतं. नरसय्याला पळवून लावणारं भूत मीच होतो, आणि इतके दिवस मी स्वतःलाच घाबरत होतो!

तोंड उघडावं तर मिशीची इज्जत जाणार. पदर आणखी पुढे ओढला आणि गप्प बसलो. म्हटलं, जाईल थोड्या वेळात. कसली जाते! खालाबी खिंडारातल्या दगडावर बसल्या.

"मैं बेटी के घर मलकपेठ गई थी, आपा. रस्ते बंद हो गए. तुम चले गए, मेरेकू मुँह बी नै दिखा." त्या रडायला लागल्या. थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाल्या, "और तुमारा भतीजा! एक काम का नै. बेहेन कू बोलता, मेरे हाथ में हुनर है. मेरेकू सब मालूम. दूध तुम दुह के जाते, शेखी वो मारता!"

ऐकतोय मी. काय करणार?

"अब्बीच नक्को जाओ, आपा. बच्ची के दाँत आए तक ठैरो. फिर जाओ, मैं नै रोकती."

मी पदराआडून मान हलवली. भूत म्हणून वचन दिलं!

आणि तेवढ्यात बेगमनं डाव साधला. पदराचं टोक तोंडात धरलं आणि हिसडलं. पदर खाली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. खालाबी पुढे वाकल्या. डोळे बारीक केले.

"या अल्ला... आपा, मरे बाद मूछां बी आ गयां?"

"खालाबी, मैं हूँ. वसंत."

आधी त्यांनी मला चपलेनं मारलं. मग हसत सुटल्या, इतक्या की चिंचेखालच्या सगळ्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. कितीतरी दिवसांनी आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं हसलं होतं. गुपित त्यांनी पोटात ठेवलं, पण एका अटीवर. रोज पहाटे त्या खिंडारात येऊन बसायच्या. "तू कुछ नक्को बोल, चुप दुह. मैं आपा से बात कर रई." आणि मी लुगड्यात बसून माझ्याच तक्रारी ऐकायचो.

पुढे फौजा आल्या, निकाल लागला, गाड्याही सुरू झाल्या. सुमन नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी मला असा ताप भरला की पहाटे जागच आली नाही. उठलो तेव्हा उन्हं अंगणात आलेली. धडपडत गोठ्यात गेलो. चरवी काठोकाठ भरलेली. दुधात एक केस नाही, काडी नाही. वर स्वच्छ फडकं बांधलेलं, आत्या बांधायची तसं.

म्हटलं, खालाबींनीच काढलं असणार. भिंतीपाशी जाऊन हाक मारली. त्या म्हणाल्या, "मैं कायकू? मैं यहीं बैठ के तेरेकू देख रई थी. आज बेगम एक लात बी नै मारी."

लुगडं माझ्या उशाशी होतं. रात्रभर.

चरवी उचलून घरात आणली. सुमननं फडकं सोडलं, आत पाहिलं आणि खुशीत म्हणाली, "बघ दादा, आज कुठे तुझा हात बसला!"