तांबड्या रेघा आणि आईचा पाळणा

संगणकाच्या वर्गात मी पहिल्या दिवशी शिरलो तेव्हा सगळी मुलं उभी राहिली, आणि मी त्यांना 'बैठो' म्हणालो.

त्यांची काही चूक नव्हती. सेहेचाळीस वय, अर्धं टक्कल, खिशाला दोन पेनं. असा माणूस शिकवायलाच येतो. चूक माझी अशी, की मुलं बसल्यावर मी टेबलाजवळ जाऊन उभाही राहिलो. (कोणी मान देत असेल तर तो परत करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.) पाच मिनिटांनी खऱ्या मॅडम आल्या. वय फार तर चोवीस.

"सर, आप?"

"स्टुडंट," मी म्हणालो, आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसलो. त्या दिवसापासून मुलं मला 'बैठो अंकल' म्हणायला लागली.

त्या वर्षांत देश खुला झाला होता. दिलसुखनगरला दर दुसऱ्या जिन्यावर कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांची पाटी लागली होती, आणि आमच्या हपिसातही एक मशीन येऊन झालर लावलेल्या झाकणाखाली बसलं होतं. साहेबांनी बजावलं, सहा महिन्यांत प्रमाणपत्र आणा, नाहीतर टपाल विभागात जा. म्हणून मी एका कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. कॉम्प्युटरची ओळख, पत्रं टाईप करणं, तक्ते करणं आणि शेवटी एक 'प्रोजेक्ट'.

"प्रोजेक्ट कुछ भी लाओ अंकल," मॅडम म्हणाल्या. "दो पेज का. घर का कुछ भी चलता."

घरचं म्हणजे काय, ते घरी गेल्यावर सापडलं. नल्लकुंट्याच्या आमच्या घरात तेव्हा दोन गोष्टी चालल्या होत्या. मंजू, आमची एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता. आणि आईचं हृदय थकलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलायचे, आणि आई पलंगावरून विचारायची, "किती दिवस म्हणाला रे?"

"खूप म्हणाला."

"खोटं बोलायलाबी तुला नीट येत नाही."

आईला पाळणा येत होता. तो तिच्या आईनं रचलेला, भालकीकडच्या त्यांच्या गावातला. बारा दिवसांची बारा कडवी, त्यात गावची चिंच, विहीर, मामाचे बैल, सगळं. मंजूच्या बारशाला तो तिनेच म्हटला होता. कुणी कधी लिहून घेतला नव्हता. आईला लिहिता येत नव्हतं, आणि आम्हाला येत होतं म्हणून आम्ही कधी लिहिलं नव्हतं. आता तिला एकच घोर लागला होता, बारशापर्यंत आपण राहिलो नाही तर पाळणा कोण म्हणणार.

"मी लिहून घेतो," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर."

आठ दिवस ती सांगत होती आणि मी कागदांवर उतरवत होतो. दोन ओळी झाल्या की तिला धाप लागायची.

*पहिल्या दिशी उजाडलं दारी,*
*कपिला हंबरली गोठ्याच्या शेजारी,*
*जो बाळा जो जो रे जो.*

"दिशी की दिवशी?" मी विचारायचो.

"मी काय म्हणाले?"

"दिशी."

"मग?"

कॉलेजच्या कोपऱ्यातल्या एका मशीनवर हिंदीची अक्षरं होती, हिंदीच्या प्रश्नपत्रिका छापायला. त्यावर मी एका बोटानं बारा कडवी बसवली. तीन आठवडे लागले. मग फ्लॉपी खिशात घातली आणि कागद रद्दीत घातले. मॅडमनी त्याच आठवड्यात शिकवलं होतं, की इथून पुढे जगात कागद राहणार नाहीत. (मी शिकलेलं लगेच आचरणात आणणारा विद्यार्थी होतो. वर्गात असा मी एकटाच.)

आईनं फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट केली.

"एवढ्याशात मावला का आख्खा पाळणा?"

"असे शंभर मावतील."

"मग ऱ्हाऊ दे जागा. बाळाचं नाव ठरलं की तेबी घालू."

त्यानंतर बारा दिवसांनी आई गेली. दुपारी चहा मागितला, आणि सुमन, माझी बायको, कप घेऊन येईपर्यंत गेली.

यापुढचं मी जे केलं ते दुःखात केलं, असं म्हणायची सोय आहे. पण खरं सांगायचं तर हुशारीत केलं.

फ्लॉपी मी हपिसात नेली. जेवणाच्या सुट्टीत मशीनचं झाकण काढलं, फाइल उघडली. मराठीचा पत्ता नाही. पडदाभर इंग्रजी अक्षरं, सांडलेल्या तिळांसारखी, आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली नागमोडी तांबडी रेघ.

दुसरा कुणी घाबरला असता. मी शिकलेला होतो. फाँटचा धडा मला पाठ होता. मॅडम म्हणाल्या होत्या, "फाँट बोले तो कपड़े. आदमी वोच रहता, कपड़े बदल जाते." म्हणजे पाळणा तोच, नुसता इंग्रजी कपड्यात. आणि तांबडी रेघ म्हणजे चूक, हा त्याच्या पुढचाच धडा. मला स्वतःचीच लाज वाटली. आईनं धाप लागत असताना सांगितलं, आणि मी एका बोटानं टाईप करताना दोन पानांत इतक्या चुका केल्या! बारशाला लोक काय म्हणतील?

मग मी दुरुस्त करायला बसलो. मशीन एकेक शब्द पुढे करायचं आणि त्याच्या मते योग्य शब्द सुचवायचं. मी मान डोलवून बटण दाबायचो. काही ठिकाणी ते म्हणायचं, सगळीकडे बदलू का? बदल बाबा, तुला जास्त कळतं. जिथे त्याला काही सुचलं नाही तेवढंच तसं राहिलं. सुट्टी संपायच्या आत एकही तांबडी रेघ उरली नाही. मी फाइल जतन केली, त्याच नावानं, त्याच फ्लॉपीवर. कॉलेजच्या मशीनवरची प्रत दर शनिवारी पुसली जायची, ती पुसली गेलीच होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या त्या कोपऱ्यात बसून पुन्हा हिंदीचा फाँट चढवला. पडद्यावर मराठी उमटली. पहिलं कडवं घाईत वाचलं, बहुतेक बरोबर होतं. 'कपिला हंबरली' पाशी डोळे भरून आले आणि पुढचं वाचवलं नाही. एक प्रत मॅडमना दिली, वीस झेरॉक्स काढल्या. मॅडमना मराठी येत नव्हती. त्यांनी फाइल मशीनवर तपासली आणि म्हणाल्या, "अंकल, एकबी स्पेलिंग मिस्टेक नै है. बहुत अच्छा." वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले.

बारसं आमच्याच घरी झालं. मुलगी झाली होती. पाळण्याभोवती वीस-पंचवीस बायका, प्रत्येकीच्या हातात माझा कागद. पहिल्या कडव्यात एकच शब्द कानाला खटकला, बाकी छान झालं. मग सगळ्या मिळून गायल्या,

*दुसऱ्या ढिकी टोमा आला,*
*खिंचे पाली फैल बांगला,*
*जो बाळा जो जो रे जो.*

माझ्या हातातलं पेढ्यांचं तबक तसंच राहिलं. मामा टोमा झाला होता. चिंचेखाली बैल बांधलेले कुठेच नव्हते. आणि 'दिशी'ची सगळीकडे 'ढिकी' झाली होती. कारण मीच म्हणालो होतो, सगळीकडे बदल. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशीनच्या पोटात मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांनी मराठीचं सोंग घेतलं होतं, आणि मी हपिसात बसून त्या अक्षरांचं इंग्रजी सुधारलं होतं.

आता कुणीतरी थांबेल, हसेल, मला विचारेल, म्हणून मी वाट बघत राहिलो. कुणी थांबलं नाही. 'जो बाळा जो जो' मशीनला सुधारता आलं नव्हतं, तेवढ्याच्या आधारावर गाणं चालत राहिलं.

"ढिकी म्हणजे काय हो मावशी?" मंजूच्या नणंदेनं हळूच विचारलं.

आमची मालनमावशी बेगमबाजारात जन्मली आणि शाळेत उर्दू शिकली. पण माहीत नाही, असं तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "ढिकी म्हणजे दिवस. तिकडं खेड्यात असंच म्हणतात. माझी सासू म्हणायची ना."

मग सातव्या ढिकीपासून सगळ्या जास्तच भक्तीनं गायल्या. बाराव्या ढिकीला दोघींनी डोळे पुसले. सुमन पहिल्यापासून शेवटपर्यंत गात होती. ती नांदेडची, मराठी शाळेत शिकलेली. तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

पाहुणे गेल्यावर मंजू कागद घेऊन माझ्याजवळ आली. ती शाळेत इंग्रजी आणि तेलुगू शिकलेली, मराठी अक्षर अक्षर लावून वाचते.

"बाबा, मला निम्मे शब्द कळलेच नाहीत. आज्जीची मराठी किती कठीण होती ना?"

"जुनी आहे ती," मी म्हणालो.

"मला वाटायचं, मला आज्जीचं सगळं समजतं. ती असताना शिकून घ्यायला पाहिजे होतं." तिनं कागदाची नीट घडी केली आणि बाळाच्या दुपट्याखाली ठेवली. "हिला मी शिकवीन. ढिकीपासून."

मी खोटं बोललो होतो, आणि या वेळी ते नीट जमलं होतं.

सुमन स्वयंपाकघरात घुगऱ्यांचं पातेलं घासत होती. मी दारात उभा राहिलो.

"तुला कळलं?"

"दुसऱ्या कडव्यालाच."

"मग थांबवलं का नाहीस?"

"आपली मंजू वाचत होती," ती म्हणाली. "मराठी कागद हातात धरून, बोट फिरवत, सगळ्यांच्या पुढे. तिला थांबवू?"

मग तिला सगळं सांगितलं. हपीस, तांबड्या रेघा, रद्दीत गेलेले कागद. ती ऐकत होती आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती.

"आईंनी मंजूच्या बारशाला म्हटला होता तेव्हा मी शेजारीच बसले होते," शेवटी ती म्हणाली. "मला चार कडवी आठवतात. पाचवं अर्धं. जा, कागद आणा, सांगते."

मी धावत गेलो. कागद आणला, पेन्सिल आणली, तिच्यासमोर पाटावर बसलो.

तिनं पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"पेन्सिल नको. पेन आणा," सुमन म्हणाली. "पेन्सिलीनं लिहिलंत, तर तुम्ही नंतर सुधारत बसाल."