चाळिसाव्या नावाखाली

शीतल हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. माझी शाळेपासूनची मैत्रीण. गरोदर बायांची यादी तिच्याकडं असते. सोमवारी ती छापते. निर्मलाबाई सिस्टर तो कागद घेऊन गावोगाव फिरतात. कागदावर नाव असेल, त्याच दारात थांबतात.

त्या गुरुवारी दुपारी मी तिचं काम संपायची वाट बघत केंद्रातच बसले होते. जनकाबाई धापा टाकत आत आली.

"माह्या सृष्टीचं डोकं लई दुखून राहिलं. डोळ्यापुढं अंधारी येते म्हणती. सिस्टर आमच्याकडं काहून आल्या न्हाईत? शेजारणीकडं दोनदा येऊन गेल्या."

"नाव दिलं होतं का, मावशी?" शीतलनं विचारलं.

"तुमीच लिहिलं की! माह्यासमोर."

शीतलनं यादी उघडली. सृष्टी होती. चव्वेचाळिसावी. भिंतीवर लावलेल्या छापील प्रतीवर मात्र चाळीसच नावं. मी म्हटलं, दुसरं पान पडलं असेल.

"दुसरं पान नव्हतंच," शीतल म्हणाली. "छापायची जागा मी चाळीस नावांपुरती बांधली होती. जूनमध्ये चाळीसच होत्या."

खाली सात नावं होती. सातही जणींचं पहिलं बाळंतपण. पहिलं माहेरी करायचं, म्हणून सातव्या महिन्यात आलेल्या. उशिरा आल्या, म्हणून शेवटी लिहिलेल्या. सिस्टरच्या कागदावर एकही नाही.

केंद्राचे ड्रायव्हर नरसिंगभाऊंनी गाडी काढली. सिस्टरना घेऊन आम्ही सगळ्या बसलो.

सृष्टी खाटेवर होती. पाय सुजून गुळगुळीत झालेले. सिस्टरनी दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा बघितला. सोडून पुन्हा बांधला. आकडा कुणालाच सांगितला नाही.

"हिंगोली. आत्ता."

गाडीत शीतल उरलेल्या सहा जणींना फोन लावत होती. "डोकं दुखतं का, ताई? डोळ्यापुढं काही होतं का?" मध्येच सृष्टीचा हात आखडला. जनकाबाई ओरडली. सिस्टर तिच्यावर वाकल्या. शीतल फोन कानाला तसाच धरून बघत राहिली. पाच जणींनी उचलला. पुनमनं नाही. शीतल लावत राहिली.

पुनमचा फोन संध्याकाळी लागला. चार्जिंगला शेजारी ठेवला होता. तिला काही होत नव्हतं. सृष्टीला त्याच रात्री मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवली. दोघी जगल्या, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशीच शीतलनं सूत्र घातलं होतं. पहिल्या रकान्यात भरलेले चौकोन मोजायचे, तितक्याच ओळी छापायच्या. खाली स्वतःचं नाव लिहून छापून बघितलं. आलं. मग ते खोडलं. पण छपाईच्या मांडणीला, पेज सेटअपला, हात लावला, की सूत्राच्या जागी पुन्हा ठरलेले आकडे येऊन बसतात आणि नंतरची नावं परत बाहेर राहतात, हेही तिला कळलं.

आता ती दर सोमवारी एक बोट पडद्यावरच्या शेवटच्या नावावर ठेवते, दुसरं कागदावरच्या. परवा दोन्ही बोटांखाली पुनम होती.

"बराबर हाये की," सिस्टर म्हणाल्या. "द्या आता."

शीतलनं कागद सोडला नाही. वरून पुन्हा मोजायला लागली.