वेंगुर्ल्याच्या टीचर आणि सायलीचा कागद

माझ्या मुलीच्या निबंधातला एक अख्खा परिच्छेद मी पुसला, तेव्हा वेंगुर्ल्यात बसलेल्या तिच्या टीचर माझी करणी अक्षर-अक्षर पाहत होत्या. घरच्या लॅपटॉपवर आपण काय करतो ते घरातच राहतं, अशी माझी समजूत होती. ती चूक होती. इतक्या लांबून इतकं जवळ येऊन बसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आम्ही जामसंड्याचे. सायली नववीत. वर्गात तिच्या तोंडून मालवणी वाक्य निघालं आणि पोरं हसली, तेव्हापासून स्वतःचं एकही वाक्य ती लिहीना; सगळं गाइडातलं. कोणीतरी या निवृत्त टीचरचं नाव सुचवलं. त्यांची पद्धत अशी, की ऑनलाइन एक कागद दोघींनी एकाच वेळी उघडायचा, सायलीने लिहायचं आणि टीचरनी समासात फक्त प्रश्न विचारायचे. दुरुस्ती म्हणून करायची नाही. घरात रेंज नाही, म्हणून टीचर अंगणातल्या काजूखाली खुर्ची टाकून बसत. एकदा निबंधाच्या मध्येच ओळभर 'य' उमटले आणि समासात खुलासा आला, 'माझी कोंबडी कीबोर्डार चल्ली. पुसतंय.' सायलीने पहिल्या दिवशी लिहिलं, 'समुद्र खूप सुंदर असतो.' समासात आलं, 'कोणी सांगला तुका?' मग पाऊण तास दोघी गप्प. एका कागदावर दोन कर्सर लुकलुकतायत आणि कोणीच काही लिहीत नाही, याला शिकवणी म्हणतात हे मला पटायला वेळ लागला. शेवटी सायलीने लिहिलं, 'सकाळी आमच्या समुद्राला सुक्या बांगड्यांचा वास येतो.' टीचरनी लगेच उत्तर दिलं, 'आता माका पण वास इलो.' त्या दिवशी पोरगी कित्येक महिन्यांनी जेवताना बडबडली.

आता माझा पराक्रम. मी बावीस वर्षं कचेरीत टिपण्या लिहितो. एका रविवारी सायली मैत्रिणीकडे गेली होती आणि लॅपटॉपवर 'माझे आजोबा' उघडा होता. म्हटलं, जरा मदत करू. 'आजोबा' खोडून 'सदर व्यक्ती' केलं. मधला एक परिच्छेद 'बाबा' शब्दाने सुरू होत होता. विषय सोडून आहे म्हणून न वाचताच काढून टाकला. तेवढ्यात समासात ओळ उमटली, 'सदर ह्यो शब्द सायलीचो नाय. बापूस बसलो आसा काय थंय?' मी लॅपटॉप असा मिटला, जणू आत फुरसं होतं.

सायली आली, तिने वाचलं, आणि म्हणाली, "आता तुमीच लिवा, बाबा." चार दिवस तिने लॅपटॉपला हात लावला नाही. गाइड पुन्हा टेबलावर आलं. पाचव्या दिवशी टीचरचा फोन.

"कागद काय विसारणा नाय हां. जुना होता तसा परत हाडलंय," त्या म्हणाल्या. "पण तुमचा चेडू विसारतला काय, ता माका म्हायत नाय."

"मी काय करू, टीचर?"

"आज पाच वाजता कागदावर येवा. माझ्याशी नको, तिच्याशी बोला. आणि कचेरी घराक ठेवन येवा."

पाच वाजता सायली आत लॅपटॉपपाशी, मी पडवीत मोबाइल घेऊन. तीन कर्सर. बऱ्याच खाडाखोडीनंतर मी समासात लिहिलं, 'चुकलो. पुढे काय झालं ते लिहिशील?' टीचर मध्ये पडल्या नाहीत. मग एकेक अक्षर आलं, 'आधी मधलं वाचा.'

वाचलं. 'बाबा आजोबांच्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाहीत. स्वतःही बसत नाहीत. रोज सकाळी ती पुसतात आणि परत भिंतीकडे तोंड करून ठेवतात. आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळी रडलो. बाबांचं रडायचं राहिलं आहे.'

त्याखाली नवी ओळ सुरू झाली होती. ती लिहीत होती.

आता सायली दहावीत आहे आणि तिचं लिहिणं शिकवणीवाचून चालतं. टीचरना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. हापूसची पेटी पाठवली, तर सायलीलाच जुन्या कागदाच्या समासात विचारणा झाली, 'आंबे चांगले. बापूस कसो आसा?'

तीन कर्सरांच्या त्या संध्याकाळी खुर्चीचा तो परिच्छेद मी बायकोला वाचून दाखवला. निदान अर्धा तरी दाखवला. पुढचा तिनेच मोबाइल घेऊन वाचला. मग माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "विषय सोडून म्हणालात ना? चेडवाक आजोबांपेक्षा तुमचीच काळजी लागलेली."