अण्णाचा भुरका

विनयचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. विनय म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा मुलगा. तो मिरजेहून रविवारी फोन करतो आणि आधी अण्णाच बोलतो. त्या दिवशी मंगळवार होता. "काका, अण्णा गेले हो... जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." मग जरा थांबून, जणू मला धीर यावा म्हणून, तो म्हणाला, "जेवले मात्र पोटभर. कटाची आमटी होती. दोनदा घेतली." रडू नंतर आलं. आधी एकदम बरं वाटलं, की आमटी होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी सगळे नातेवाईक संगणकाच्या पडद्यावर जमले. पुण्याचे, नाशिकचे, इकडे जर्मनीत बॉबलिंगेनमध्ये मी आणि शैला. आमचा आत्तेभाऊ वसंता बोलायला लागला. "अण्णा तसा जुन्या वळणाचा. पुतणीनं जर्मन नवरा केला म्हणून लग्नाला गेला नाही. पण माणूस मोठा! पुढे आपणहून जाऊन, महिनाभर राहून आला." सगळ्यांनी माना डोलावल्या. विनयनंही. शैलानं माझ्याकडे पाहिलं. "अहो, आता तरी बोला," ती हळूच म्हणाली. मी बोललो नाही.

म्हणून इथे लिहितो आहे. वसंतानं सांगितलं ते खरं नाही. पण त्यात वसंताचा दोष नाही. त्याला ते माझ्याकडूनच कळलं होतं.

अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मिरजेला त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. लहानपणी आई सतत आजारी असायची, तेव्हा मला भरवायचं काम त्याचं. स्वतः जेवायला बसला की आधी भाताला आळं करायचा, त्यात आमटी ओतून घ्यायचा, आणि उरलेली वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावून असा भुरका मारायचा की ओसरीवरच्या माणसाला कळावं, आज आमटी जमली आहे. वहिनी कधी कधी वैतागायच्या, "शेजारी काय म्हणतील!" त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "शेजारी म्हणतील, नशीबवान आहे लेकाचा." त्याच्याइतका सुखानं जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी शिकायला जर्मनीत आलो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. पहिल्याच हिवाळ्यात घरमालकिणीनं जेवायला बोलावलं. बटाट्याचं सूप होतं. कडाक्याच्या थंडीतून आलेलो, मी मनापासून भुरका मारला, आणि टेबलावरचे सगळे चमचे हवेतल्या हवेत थांबले. कोणी काही बोललं नाही. जर्मन माणसं अशा वेळी बोलत नाहीत, नुसती थांबतात... त्या थांबण्याची धास्ती मी आयुष्यभर बाळगली. ओठ मिटून चावायचं, चमचा बशीला लागू द्यायचा नाही, वाटी उचलायची नाही. घरात मी हे नियम असे लावले की एखाद्या जर्मन घरातही नसतील. भारतातून पाहुणे आले की विमानतळावरून घरी येतानाच माझी शिकवणी सुरू व्हायची. शैला म्हणायची, "अहो, त्यांना आधी पाणी तरी प्यायला द्या!"

अण्णा पहिल्यांदा आला तेव्हा आमची मुलगी मृणाल शाळेत होती. माझ्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. पांढऱ्या शतावरीचं सूप होतं. अण्णानं दणदणीत भुरका मारला, आणि साहेबांच्या बायकोकडे बघून चक्क मराठीत म्हणाला, "फक्कड झालंय, वहिनी." ती बाई हसली. आज आठवतं ते हसणं चांगलं होतं, कौतुकाचं होतं. पण तेव्हा माझे कान तापले होते. परतताना गाडीत मी म्हणालो, "चार माणसांत कसं जेवायचं एवढंही कळत नाही तुला?" मागच्या सीटवर मृणाल होती. अण्णानं खिडकीची काच थोडी खाली केली. मग म्हणाला, "शिकव की मग." दुसऱ्या दिवशी मी त्याला शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, साध्या पाण्यावर. चमचा किती भरायचा, तोंडात आवाज न करता कसा ओतायचा. ज्यानं मला भरवलं, त्याला.

पुढे मृणालनं योनासशी लग्न ठरवलं. योनासच्या घरचे सगळे शिकलेले, बेतानं बोलणारे. मेजवानी एका मोठ्या हॉटेलात, लांबलचक टेबल, एकामागून एक येणारे पदार्थ. अण्णानं व्हिसाची तयारी सुरू केली होती. मी फोन केला. थंडी फार आहे, तुझे गुडघे दुखतात, शाकाहारी जेवणाचे हाल होतील... मी बोलत गेलो. तो ऐकत गेला. शेवटी म्हणाला, "मध्या, मी तिथे आवाज करणार नाही रे."

"तसं नाही रे अण्णा," मी म्हणालो.

तसंच होतं.

"बरं," तो म्हणाला. "तुला सोयीचं पडेल तसं."

मग नातेवाईक विचारायला लागले, अण्णा कसा नाही आला? मी म्हणायचो, "त्याचे विचार तुम्हाला माहीतच आहेत... त्यात मुलगा जर्मन..." वाक्य मी कधीच पूर्ण केलं नाही. ते ऐकणाऱ्यांनी पूर्ण केलं, आणि मी करू दिलं. मृणाललाही मी तेच अर्धं वाक्य दिलं. अण्णाच्या कानावर हे गेलं असणारच, मिरज केवढीशी! पण कोणी विचारलं तर तो एवढंच म्हणे, "नाही जमलं बुवा."

वहिनी गेल्या आणि तो फार एकटा पडला. तेव्हा मृणालनंच त्याला फोन करून बोलावलं. मला न विचारता. त्या उन्हाळ्यात तो महिनाभर आमच्याकडे राहिला. पहिल्याच आठवड्यात मृणाल आणि योनास आम्हाला स्टुटगार्टला एका जपानी रामेनच्या दुकानात घेऊन गेले. लहानशी जागा, लाकडी बाकं, उघडं स्वयंपाकघर, सगळीकडे वाफ. मृणालनं अण्णासाठी भाज्यांचं रामेन सांगितलं, अंडंबिंडं काही नाही याची तीनतीनदा खात्री करून. वाडगं समोर आलं. अण्णानं वाकून वास घेतला. "ही तर शेवयांची आमटी!"

मी सवयीनं आजूबाजूला कोण बसलंय ते बघून घेतलं. आणि अण्णानं मला बघताना पाहिलं. त्यानं चमचा उचलला, अर्धाच भरला, आणि मी शिकवलं होतं तसा बिनआवाजाचा तोंडात ओतला. मग चमच्याच्या कडेनं त्या लांब शेवया तोडायला लागला, बारीक बारीक, म्हणजे ओढाव्या लागणार नाहीत. काही विसरला नव्हता तो.

तेवढ्यात शेजारून योनासनं, माझ्या बेतानं बोलणाऱ्या जावयानं, शेवयांचा झुपका ओठांत धरला आणि असा सुर्रकन ओढला की अण्णा दचकला. पलीकडच्या टेबलावर एक जपानी आजोबा तेच करत होते, त्याहून मोठ्यानं. अण्णानं त्यांच्याकडे पाहिलं, योनासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालतं?" त्यानं मला विचारलं.

सत्तरी ओलांडलेला माझा मोठा भाऊ मला विचारत होता.

मी काही बोलायच्या आत मृणाल म्हणाली. ती एरवी जर्मनमधूनच उत्तरं देते, पण तेव्हा मराठीत म्हणाली, "काका, इथे असंच खातात. आवाज करा. मोठा!"

अण्णानं चमचा खाली ठेवला. वाडगं दोन्ही हातांनी उचललं. आणि मग जो भुरका झाला... पलीकडचे आजोबा वळून हसले आणि त्यांनी आपलं वाडगं थोडं वर केलं. अण्णानंही केलं. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती, तरी तो पुसेना. "मध्या," तो म्हणाला, "अरे, शहाणे लोक आहेत हे!"

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी आम्ही तिघं तिथे जायला लागलो. योनास ऑफिसातून यायचा, मी आणि अण्णा बॉबलिंगेनहून एस-बान या लोकल गाडीनं. योनास दारातूनच ओरडायचा, "अण्णा! भुरका?" एवढा एकच मराठी शब्द त्याच्याकडे, आणि अण्णाकडे एकच जर्मन, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर. त्या दोन शब्दांवर ते तासभर गप्पा मारत. मला मध्ये घेत नसत. ते दिवस फार चांगले होते. मी असं म्हणू शकतो, कारण मी समोर बसून ते पाहिले.

शेवटच्या गुरुवारी योनासनं मला दुभाषा केलं. बराच वेळ वाडग्याशी चाळा करून तो म्हणाला, "त्यांना विचारा, तेव्हा आमच्या लग्नावर ते रागावले होते का? आता राग नाही ना?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. दुसरं काही सांगता आलं असतं... पण तेवढं तरी खरं केलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता. आता सांगेल. तो शांतपणे म्हणाला, "सांग त्याला, राग कसला? दुकान सोडून निघणं जमलं नाही. माझंच चुकलं म्हणावं."

आणि मी ते जर्मनमध्ये सांगितलं. अगदी शब्दाला शब्द. योनासनं टेबलावरून हात पुढे करून त्याच्या खांद्यावर थोपटलं. अण्णा हसला आणि उरलेलं सूप प्यायला.

पडद्यावरच्या त्या सभेनंतर मी मृणाल आणि योनासला त्याच दुकानात बोलावलं आणि सगळं सांगितलं. मृणालनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "बाबा, इतकी वर्षं मी काकांना मनातल्या मनात माफ करत होते," ती जर्मनमध्ये म्हणाली. योनास तर आणखीनच अवघडला. "आणि मी? मी त्यांचा खांदा थोपटला! मोठ्या मनानं!" मग त्याला हसू फुटलं, मृणालला नाही. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना ज्यांना ते अर्धं वाक्य दिलंस, त्यांना पूर्ण करून दे."

तर वसंता, विनय, आणि जे कोणी हे वाचत असाल ते सगळे... अण्णाला जर्मन जावई नको होता असं नाही. त्याला लग्नाला यायचं होतं. तो जेवताना आवाज करतो म्हणून मी त्याला येऊ दिलं नाही. एवढंच ते वाक्य आहे.

एवढं लिहून झाल्यावर गुरुवारी मी एकटाच स्टुटगार्टला गेलो. भिंतीकडेच्या आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो आणि भाज्यांचं रामेन मागवलं. वाडगं उचलून तोंडाला लावलं आणि जोर करून ओढलं. जमेना. इतकी वर्षं मिटून ठेवलेले ओठ, त्यांना काही आठवेना. नुसती हवा आली, मग एकदम गरम सूप घशात गेलं, ठसका लागला, शर्टावर सांडलं. शेजारच्या जर्मन बाईनं कागदी रुमालांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"पहिल्यांदाच?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो, शर्ट पुसला, आणि वाडगं पुन्हा उचललं.